पितृपक्षातला क्लॅरिनेटवाला

रायपूरच्या तात्यापाऱ्यात (पारा म्हणजे इथला मोहल्ला) बातमी पसरली ती अशी : वनमालाताई उमाठे चौसष्टाव्या वर्षी लग्न करून राहिल्या. नवरदेव कलकत्त्याचा, क्लॅरिनेट वाजवतो, आणि बहुतेक ख्रिश्चन आहे.

बातमीचा उगम सुशीलच्या घरी. सुशील म्हणजे वनमालाताईंच्या भिंतीला भिंत लावून राहणारा, पंडरीच्या बाजारात कापडाचं दुकान असलेला इसम. वय पन्नास, पण पोटात गोष्ट पाच मिनिटं ठरत नाही. दुपारी जेवायला घरी आला असताना त्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. आधी भिंतीपलीकडे बाजा वाजला. मग थांबला. आणि मग वनमालाताईंचा आवाज आला, "सांग ना रे बाबू, कोण आहेस तू? नाव तरी सांग एकदा. किती दिवस छळशील मले?"

एवढ्या ऐवजावर सुशीलनं पाऱ्याला तीन दिवस पुरेल इतका स्वयंपाक केला. ख्रिश्चन हे फोडणीचं, त्याच्या बायकोनं घातलेलं. कलकत्ता कुणी घातलं ते कळलं नाही. चौथ्या दिवशी भाजीच्या ठेल्यापाशी कुणीतरी धीर करून ताईंनाच विचारलं, तर त्या भेंड्या मोडून बघता बघता म्हणाल्या, "माणूस आहे हे खरं. क्लॅरिनेट वाजवते हेही खरं. कलकत्त्याचा आहे का, ख्रिश्चन आहे का, तेच तर शोधून राहिली मी. लग्नात अडचण एकच आहे. तो मेला. आणि कधी मेला ते मालूम नाही."

तर असं. नवरदेव ग्रामोफोनच्या तव्यावर, म्हणजे जुन्या रेकॉर्डवर होता. पारा जरा हिरमुसला, पण गोष्ट लग्नापेक्षा मजेदार निघेल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

वनमालाताईंनी एकतीस वर्षं रेल्वेत काढली, आणि तीही क्रू लॉबीत. कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर, कोणता गार्ड, हे जिथे ठरतं आणि लिहिलं जातं, ती जागा. लग्न केलं नाही. विचारणाऱ्याला सांगायच्या, की रोज दोनशे पुरुषांना कामाला लावून झाल्यावर घरी आणखी एक कशाला? त्या नोकरीनं त्यांना दोन गोष्टी देवाच्या आरतीसारख्या पाठ करून दिल्या. एक माणूस एका दिवशी दोन गाड्यांवर असू शकत नाही. आणि नावाशिवाय गाडी धावू शकत नाही.

निवृत्तीनंतर दीड वर्षानं सदर बाजारात एक जुनं भांड्यांचं दुकान रिकामं होत होतं. तिथे त्यांना एक पत्र्याची पेटी दिसली. सांडगे-पापड ठेवायला बरी, म्हणून घेतली. झाकणावर पुसट रंगात लिहिलं होतं : नत्थू बँड, रायपूर. घरी येऊन उघडली तर तळाशी, धोतराच्या फडक्यात, एक काळा तवा. लेबल इंग्रजीत. सेड्रिक फाल्कन आणि त्याचा डान्स बँड. एका बाजूच्या कडेला टवका उडालेला आणि तिथून बोटभर तडा गेलेला.

वडिलांचा चावीचा ग्रामोफोन माळ्यावर होता. तो खाली आला, तेल पिऊन चालू झाला, आणि वनमालाताईंनी तव्याची धड बाजू लावली. जॅझ हा शब्द त्यांनी तोवर फक्त एका मोटारीच्या मागे वाचला होता. पण दीड मिनिटानं बाकीची वाद्यं बाजूला सरली आणि एक क्लॅरिनेट असं काही बोलायला लागलं, की हातातली पापडाची चळत तशीच राहिली. गल्लीत उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं उनाडतात तसं ते उनाडत होतं. संपल्यावर त्यांनी लेबल पाहिलं. बँडच्या मालकाचं नाव आहे, गाण्याचं आहे, कंपनीचं आहे. वाजवणाऱ्याचं नाही!

"म्हणजे गाडी धावली, अन् ड्रायव्हरचं नावच नाही?" त्या एकट्याच म्हणाल्या. "असं कसं?"

झालं. पुढची अडीच वर्षं पापड ओले राहिले आणि बाई जॅझमध्ये वाळल्या. युद्धाच्या आधी मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत नाचाला वाजवणारे बँड, त्यांचे तवे, कोणत्या तव्यावर कोण वाजवतो याच्या याद्या. हे असलं काही जगात असतं आणि त्यावर माणसं एकमेकांशी भांडतात, याचा त्यांना शोध लागला. त्या भांडणांतूनच पुण्याचे दिवाकरराव सापडले. वय अठ्ठ्याहत्तर, अशा तव्यांची यादी तीस वर्षं जमवणारे, फोनवर नमस्काराआधी तव्याचा नंबर विचारणारे. वनमालाताईंच्या तव्यापुढे त्यांच्या यादीत ट्रंपेटचं नाव होतं, पियानोचं होतं, ड्रमवाल्याचं तर बापाचंही होतं. क्लॅरिनेटपुढे लिहिलं होतं : अज्ञात.

"तो तवा नत्थू बँडच्या पेटीत काहून निघाला, हे सांगा तुम्ही मले," वनमालाताईंनी फोनवर विचारलं. "वरातीत वाजवणारा माणूस. इंग्रजी नाचाचा तवा, अन् एकच. धोतरात गुंडाळून ठेवते? आपला स्वतःचा असल्याशिवाय ठेवते का कोणी?"

"वनमालाबाई, हा तर्क झाला, पुरावा नाही," दिवाकरराव म्हणाले. "आणि ऐका. यादी सोमवारी छापायला जाते आहे. पुन्हा काढीन असं माझं वय नाही. रविवार संध्याकाळपर्यंत पुरावा आणा. नाही तर 'अज्ञात' राहील, आणि माझ्यामागे कायमचं राहील."

हा फोन आला बुधवारी. मध्ये चार दिवस.

नत्थूचे वंशज भनपुरीत आहेत, हे ताईंनी गोलबाजारातल्या एका जुन्या बँडवाल्याकडून आधीच काढलं होतं. गुरुवारी सकाळी त्या ऑटोनं निघाल्या. तव्याची धड बाजू फोनमध्ये भरून घेतली होती, कारण खरा तवा भनपुरीच्या खड्ड्यांतून नेण्याची छाती नव्हती. ट्रकच्या रांगा मागे टाकून एका शेडपाशी उतरल्या, तर बाहेर एक भला मोठा रंगीबेरंगी गाडा, त्यावर भोंग्यांचे डोंगर, आणि पाटी : न्यू नत्थू धुमाल पार्टी. धुमाल म्हणजे गाड्यावर भोंगे लादून वाजणारा इकडचा वरातीचा बँड. त्याचा मालक विशाल, म्हणजे नत्थूच्या मुलीचा नातू. चाळिशीचा, कानात बाळी. त्यानं खुर्ची पुसून दिली आणि आतून आजीला आणलं.

कलावतीबाई. वय शहाऐंशी, अंगावर लुगडं, हातात चांदीच्या ऐंठी, म्हणजे पिळाची जाड कडी, आणि नजर अशी की समोरचा आपोआप सरळ बसतो. नत्थूची धाकटी मुलगी. वनमालाताईंनी बापाचं नाव काढताच ती सुरू झाली, आणि विशाल मधेमधे हिंदीत समजावत गेला. नत्थूचं घराणं मोहरी वाजवणारं. मोहरी म्हणजे छत्तीसगडी लग्नातली सनई समजा, पण सनईची कडक नणंद. नत्थू लहानपणी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटात पंखा ओढायला होता. तिथे गोरे साहेब नाचायचे आणि बड्या दिवसात, म्हणजे नाताळात, कलकत्त्याचा बँड यायचा. दोरी ओढता ओढता नत्थूनं कानानं सगळं उचललं. एका गार्डनं जाताना आपलं क्लॅरिनेट त्याला दिलं. मग त्यानं बँड काढला. आणि एकदा, कलावतीबाई दूधपिती असताना, साहेबानं बोलावलं म्हणून ददा, म्हणजे तिचा बाप, कलकत्त्याला गेला आणि तव्यात बाजा भरून आला.

"सब्बो हाँसिन," म्हातारी म्हणाली. तेव्हा सगळे हसले. "कहिन, नत्थू गप मारत हे." म्हणाले, नत्थू थापा मारतो.

"लोग आज भी हँसते हैं आंटी," विशाल म्हणाला. "दादी बोलती है तो मैं भी हँस देता हूँ. सच बोलूँ तो."

वनमालाताईंनी फोन काढला, आवाज वाढवला, म्हातारीच्या कानाशी धरला. क्लॅरिनेट उनाडायला लागलं. म्हातारी डोळे मिटून ऐकत राहिली. पूर्ण ऐकलं. मग डोळे उघडले.

"नोहय," ती म्हणाली. "ये मोर ददा नोहय."

"आजी, नीट ऐका एकदा..."

"नोहय बेटी. येहर साँस लेथे. सुन. घेरी-बेरी साँस लेथे. मोर ददा के साँस नइ टूटत रिहिस."

हा श्वास घेतो, पुन्हा पुन्हा. माझ्या बापाचा श्वास तुटत नसे. मोहरीवाले गालात हवा साठवून नाकानं श्वास ओढतात आणि सूर मिनिटभर अखंड चालवतात, हे विशालनं गाल फुगवून दाखवलं. वनमालाताईंनी पुन्हा ऐकलं. खरंच की. अडीच वर्षं रोज ऐकलं, आणि तो माणूस दर चार मात्रांनी श्वास घेतो हे आजवर ध्यानात आलं नव्हतं!

वर विशालनं जुनी वही आणली. नत्थूचा भाऊ चार बुकं शिकलेला, तो कोणत्या तिथीला कोणत्या गावी वरात हे लिहून ठेवायचा. दिवाकररावांनी तव्यावर कोरलेल्या आकड्यावरून दिवस काढून दिला होता, बारा फेब्रुवारी एकोणीसशे चाळीस. जुनं पंचांग ताईंच्या पिशवीत होतंच. वसंत पंचमीचा आठवडा. वहीत बघितलं : धमतरी, धमतरी, कुरुद, अभनपूर. रोज वरात, आणि प्रत्येक ओळीत 'नत्थू खुद'. लग्नाचा भर हंगाम. त्या आठवड्यात रायपूरचा बँडवाला कलकत्त्याला गेला असता, तर चार नवरदेव पायी चालत मांडवात गेले असते.

एक माणूस एका दिवशी दोन गाड्यांवर असू शकत नाही. आपल्याच नियमानं बाई आपटल्या.

कलावतीबाईंना बाकी काही समजलं नाही, पण समोरच्या बाईचा चेहरा समजला. "त तहूँ नइ मानस?" तिनं विचारलं. तूही मानत नाहीस? वनमालाताईंनी पंचांग मिटून पिशवीत टाकलं. विशालनं चहा पुढे केला आणि काहीतरी बोलायचं म्हणून बाहेरच्या गाड्याकडे बोट दाखवलं.

"अभी सीज़न में देखना आंटी. एक दिन में चार-चार बारात लेता हूँ. एक पार्टी पंडरी, एक बिरगाँव, एक आरंग. सबकी टोपी पे न्यू नत्थू लिखा है."

"अन् तू स्वतः कुठे असतो?"

"मैं कहीं नहीं, मैं घर पे. नाम तो एक ही रहता है न आंटी. आदमी बदलते रहते हैं."

वनमालाताईंनी कप खाली ठेवला. इतक्या जोरात, की चहा बशीत आला.

त्यांना जे सुचलं ते असं. आपण तव्याच्या दोन बाजूंना एकाच गाडीचं अप आणि डाउन धरलं. जाताना जो क्रू, तोच येताना. तव्यावर एकच नाव, म्हणून माणसं एकच. पण एकतीस वर्षं त्यांनी स्वतः काय केलं होतं? हावड्याहून निघालेली मेल मुंबईला जाईपर्यंत तिचं नाव बदलत नाही, क्रू मात्र आठ वेळा बदलतो. हे ज्या बाईनं रोज आपल्या हातानं लिहिलं, तिनंच धड बाजूचा आकडा वाचला आणि तडकलेली बाजू सुईला भिऊन कधी लावलीच नाही!

"क्रू बदलला," त्या उठत म्हणाल्या. "विशाल, ऑटो बोलाव. आजी, मी उद्या येतो. नाही, येते. अरे, काहीही बोलून राहिली मी!"

दुपारी सदर बाजारात स्कूटरींचा नेहमीचा चिवडा झाला होता. वनमालाताई ऑटोतून अर्ध्यातच उतरल्या आणि चप्पल हातात घेऊन, शपथेवर, धावल्या. सराफांनी गल्ल्यावरून माना वर केल्या. घरी येऊन त्यांनी तवा उलटा केला. या बाजूचा आकडा लेबलाच्या खाली गेलेला, नुसता उठाव जाणवत होता. त्यांनी पतंगीचा पातळ कागद लावला आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासली. एक आकडा उमटला. दुसरा. तिसरा अर्धा. मग सगळेच.

दिवाकररावांनी फोनवर आकडा ऐकला, आणि बराच वेळ नुसती पानं उलटण्याचा आवाज आला.

"वनमालाबाई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज पुण्याहून जरा इकडे सरकला. "हा त्या रेकॉर्डिंगच्या सत्रातला नव्हेच. हा सात महिने पुढचा आहे. चोवीस सप्टेंबर एकोणीसशे चाळीस. अहो, मी दोन्ही बाजू एकत्र धरल्या होत्या! आणि एक सांगतो, त्या उन्हाळ्यात फाल्कनचा क्लॅरिनेटवाला पलटणीच्या बँडमध्ये भरती झाला होता. त्याला माणूस हवा होता."

ताईंनी फोन कानाशी धरूनच पंचांग उघडलं. बोट फिरवत सप्टेंबरला आल्या आणि किंचाळल्या. ती किंकाळी सुशीलनं भिंतीपलीकडे ऐकली आणि तो जेवणाच्या ताटावरून उठून, उष्ट्या हातानं दारात हजर झाला.

"काय झालं दीदी? तो आला का?"

"पितृपक्ष!" वनमालाताई ओरडल्या. "सुशील, पितृपक्ष होता रे!"

आता पितृपक्ष ऐकून एवढी आनंदलेली बाई सुशीलनं जन्मात पाहिली नव्हती. पण विचार करा. चातुर्मासात लग्नं नसतात, तरी बँडवाल्याला गणपती असतो, दुर्गा असते, कुणाची काहीतरी मिरवणूक असते. वर्षातला एकच पंधरवडा असा, की बँडवाला संपूर्ण रिकामा. पितरांच्या दिवसांत वरात काढणारा माणूस रायपुरात अजून जन्माला यायचाय. नत्थूला कलकत्त्याला जायला जर कोणते दिवस होते, तर तेच होते.

सुशीलनं उष्टा हात हवेत नाचवला. "म्हणजे पक्कं! मी आत्ता बॅनर टाकतो पंडरीत छापायला. रायपूरचा जॅझ सम्राट!"

"हात धू आधी," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम क्रू लॉबीतला झाला होता. "मोकळा असणं म्हणजे ड्यूटीवर असणं नाही. त्या पंधरवड्यात अर्धं रायपूर मोकळं होतं. तुहा आजाही मोकळा असन. त्याचंही नाव टाकू का?"

शुक्रवारी भनपुरीला स्वारी निघाली ती सुशीलच्या गाडीतून. गाडी त्यानं स्वखुशीनं दिली होती, कारण एवढी मोठी बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं त्याला परवडणारं नव्हतं. मागच्या सीटवर ग्रामोफोन, आणि ताईंच्या मांडीवर उशीत गुंडाळलेला तवा. दर खड्ड्याला त्या "हळू रे पोट्ट्या" म्हणायच्या आणि पन्नास वर्षांचा पोट्टा ब्रेक दाबायचा.

आधी वही. ती संवत सत्त्याण्णवची, म्हणजे एकोणीसशे चाळीसची पानं. दर वर्षी पितर पाखाच्या, म्हणजे पितृपक्षाच्या जागी नत्थूच्या भावानं आडवी रेघ मारलेली असायची. या वर्षी रेघेवर तीन शब्द होते : 'नत्थू बाहिर गेहे'.

"देखा!" विशालनं मांडीवर थाप मारली.

"बाहेर म्हणजे कुठे?" वनमालाताई म्हणाल्या. "सासरी गेलेला माणूसही बाहेरच असते." पण असं म्हणून त्यांनी तीच ओळ तीनदा वाचली, हे सुशीलनं मोजलं आणि संध्याकाळी पाऱ्यात सांगितलं.

मग ग्रामोफोन शेडच्या मधोमध स्टुलावर ठेवला. धुमालची पोरं-माणसं गोल करून उभी राहिली. ज्यांच्या भोंग्यांनी घरांच्या खिडक्या हलतात, ती माणसं एका चावीच्या खोक्यापुढे श्वास रोखून उभी होती. ताईंनी सुई तड्याच्या पुढे, अलगद ठेवली. टक, टक, टक. तडा मोजत होता. मग ट्रंपेट आलं, गेलं. पियानो आला, गेला. आणि मग क्लॅरिनेट.

हे उनाडणारं नव्हतंच. हे भांडकुदळ होतं. एका सुरावर चढून बसलं आणि खाली यायलाच तयार होईना. सुशील मनगटावरच्या घड्याळाकडे पाहायला लागला. दहा सेकंद. पंधरा. बावीस. श्वास नाही! मागे फाल्कनचा पियानोवाला दोनदा अडखळला, जणू त्यालाही कळेना की हा माणूस संपतो कधी. आणि तिथून ते क्लॅरिनेट एकदम खाली कोसळलं ते एका अशा चालीत, की शेडमधली अर्धी माणसं हसायलाच लागली. ती भडौनीची चाल होती. वरात जेवायला बसली की मुलीकडच्या बाया नवरदेवाच्या घरच्यांची गाण्यातून जी बेअब्रू करतात, ती. कलकत्त्याच्या हॉटेलातल्या साहेब-मेमसाहेबांना नाचायला लावून नत्थूनं, किंवा जो कोण होता त्यानं, भर तव्यात व्याह्यांना शिव्या दिल्या होत्या.

कलावतीबाई उभी राहिली होती. कुणी आधार दिला नव्हता. टाळ्या वाजवत, क्लॅरिनेटच्या बरोबरीनं, ती फाटक्या आवाजात नवरदेवाच्या फुफ्याच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, मिशीची खोड काढत होती. बाजा वळला की तीही वळायची, थांबला की थांबायची. पुढची ओळ कुठे येणार ते तिला तव्याच्या आधी ठाऊक होतं.

सुई मधोमध जाऊन खरखरायला लागली. कुणीच ती उचलेना.

"येही ए," म्हातारी म्हणाली आणि खाली बसली. "ये मोर ददा ए." मग विशालकडे वळून, "अब हाँस."

विशाल हसला नाही. तो गाड्यामागे गेला आणि बराच वेळ भोंग्याच्या तारा तपासत राहिला. तारा ठीक होत्या.

शनिवार गेला दिवाकररावांना आवाज पाठवण्यात, वहीच्या पानांचे फोटो काढण्यात, आणि सुशीलशी भांडण्यात. कारण त्यानं बॅनर छापून आणलाच. नत्थूचा फोटो नव्हता म्हणून त्यानं क्लॅरिनेटचाच फोटो मोठा केला होता आणि नेमकी सनई छापली होती. रविवारी सत्कार, कलावतीबाईंना शाल, वनमालाताईंना श्रीफळ, पाऱ्याला पोहे असा बेत ठरला.

रविवारी पोहे झाले. शाल झाली. चार वाजता दिवाकररावांचा फोन आला तेव्हा ताईंच्या घरात सोळा माणसं होती आणि दारात आठ. कलावतीबाई खुर्चीवर, मांडीवर नारळ. ताईंसाठी आणलेलं श्रीफळ हिला का दिलं म्हणून सुशीलची बायको नवऱ्यावर डोळे वटारत होती. ताईंनी फोनचा स्पीकर लावला.

"वनमालाबाई, ऐकलं मी," पुणं म्हणालं. "अकरा वेळा ऐकलं. अहो, असा श्वास त्या काळातल्या इथल्या कुठल्याच तव्यावर नाही. मी 'अज्ञात' खोडतो आहे."

घरात जो गलका झाला त्यानं ग्रामोफोनचा भोंगा वाजला म्हणतात.

"पण कसं लिहू ते तुम्ही सांगायचं," दिवाकरराव पुढे म्हणाले. "नुसतं नाव लिहिलं तर त्याचा अर्थ खात्री. नावापुढे प्रश्नचिन्ह घातलं तर त्याचा अर्थ, बहुधा हाच. मी इथून तुमच्या शब्दावर लिहितो आहे. तुम्हाला काय वाटतं?"

विशाल ताईंकडे बघत होता. कलावतीबाई बघत होती. सुशीलनं दोन्ही हात जोडले होते.

वनमालाताईंनी पदरानं चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मोहरीवाला काय एकटा नत्थूच होता? श्वास त्यानं शिकवलेल्या दुसऱ्या कुणाचा असू शकत होता. म्हातारी तेव्हा दूधपिती होती. वहीत 'बाहिर' होतं, 'कलकत्ता' नव्हतं.

"मले काय वाटते ते मी रोस्टरमध्ये कधीच लिहिलं नाही, दिवाकरराव," त्या म्हणाल्या. "लिहा. क्लॅरिनेट, नत्थू, रायपूर. पुढे प्रश्नचिन्ह."

"लिहिलं," पुणं म्हणालं. कागदावर पेन घासल्याचा आवाजसुद्धा आला. "आणि दुसऱ्या बाजूला, बाई?"

"तिथे अज्ञात राहू द्या. तो अजून नाव सांगत नाही."

ताई खाली वाकल्या आणि कलावतीबाईंच्या कानाशी म्हणाल्या, "नाव लिखागे, दाई." नाव लिहिलं गेलं, आई.

"ददा के?"

"हव. ददा के."

म्हातारीनं नारळ कुरवाळला आणि मान हलवली. सोबतच्या चिन्हाचं काय, ते तिनं विचारलं नाही, आणि विशालनं सांगितलं नाही. नंतर त्यानं आपल्या गाड्याच्या पाटीवर मात्र 'स्थापना १९३५'च्या खाली दिवाकररावांच्या यादीतली ओळ रंगवून घेतली, प्रश्नचिन्हासकट, आणि प्रश्नचिन्ह सगळ्यात मोठं, लाल, दिव्यांचं. सांगतो की त्यामुळेच लोक थांबून विचारतात.

पण सुशीलचा जीव जळत होता. त्याचा बॅनर मागे भिंतीवर होता, त्यावर 'सम्राट' होतं आणि कसलंच चिन्ह नव्हतं. माणसं पांगायला लागली तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "काय दीदी! चप्पल हातात घेऊन सदर बाजारातून धावल्या, अडीच वर्षं घातली, अन् शेवटी काय, तर प्रश्नचिन्ह? नाव पक्कं नाही ते नाही."

वनमालाताई तवा धोतराच्या फडक्यात गुंडाळत होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"तुह्या लग्नाच्या पत्रिकेवर तुहं नाव पक्कं छापलं होतं ना रे? तरी मुहूर्त टळला अन् तू टाटीबंधच्या चौकात पान खाऊन राहिला होता. नत्थूपुढे प्रश्नचिन्ह आहे, पण तो वेळेवर हजर होता."